हाक एकदाच

आईची रीत ठरलेली होती: हाक एकदाच. घरात पोरं दोन, थोरला आणि धाकटी, पण हाकेत नाव कुणाचंच नसे. नुसतं "ए" एवढंच, तेही स्वयंपाकघरातून, भिंतीकडे तोंड करून. त्या एका "ए"ला दोघांनी हातातलं टाकून धावायचं. अक्षर अर्धं राहू दे, अंगाला साबण असू दे, भांडण ऐन रंगात आलेलं असू दे. दुसरी हाक म्हणून नाहीच. जो आला नाही त्याचं ताट झाकून ठेवलं जाई आणि गार झालेलं त्याला निमूट गिळावं लागे. वर "माझा घसा काय रस्त्यावर पडलाय?" हे ऐकावं लागे ते वेगळंच. कधी कधी तर दोघं धापा टाकत दारात एकमेकांवर आदळावीत, "काय गं आई?" म्हणावं, आणि तिने वळूनही न बघता म्हणावं, "काही नाही. आहात ना, ते बघितलं." थोरला पाय आपटत परत जायचा. धाकटीला मात्र त्याची गंमत वाटायची.

तीच आई आता हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होती. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि बोलणं, वळणं, गिळणं सगळं एका सकाळीत गेलं. डोळे उघडे असायचे, पण नजर कशावर ठरत नव्हती. जिच्या तोंडाचा पट्टा तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचा, तिच्या तोंडून आता नुसता श्वास यायचा. उरलं होतं ते उजव्या हाताचं एक बोट. ते अधूनमधून हलायचं. मुद्दाम की आपसूक, हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. दोघा भावंडांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "त्यांना कशीही का होईना, हाक मारता येत असेल, तर घरी न्या. घशात कफ अडकला, अंगाखाली काही रुतलं, तर कुणाला तरी बोलावता आलं पाहिजे. ते येत नसेल तर घरी नेऊ नका. तुम्ही पलीकडच्या खोलीत असाल आणि तुम्हाला कळणारही नाही. मग शहराबाहेरची संस्था बरी. तिथे माणसं फेऱ्या मारून बघतात."

थोरला ती संस्था बघून आला होता. स्वच्छ आहे म्हणाला. खाटांच्या रांगा, आणि खाटेखाटेवर कुणीतरी छताकडे बघत पडलेलं. "शांत आहे एकदम. कुणाचा म्हणून आवाज नाही," असं म्हणाला.

"मी बटण करते," धाकटी म्हणाली.

धाकटीचा धंदाच बटणांचा. लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. लिफ्टमधलं बटण कुणी दाबलं की आतल्या चिपने काय करायचं, त्याचे प्रोग्राम ती लिहायची. लोकांना वाटतं, बटणात काय एवढं, दाबलं की झालं. वाटू दे बापडं, त्यांना कुणी विचारलंय? चिप म्हणजे घरात गडी एक आणि कामं छप्पन्न. दिवा लाव, बॅटरी बघ, आकडा दाखव, आणि हे करता करता मध्येच बटणाकडे जाऊन विचार, "काय रे, दाबलं का तुला?" तेवढ्यात कुणी दाबून सोडूनही दिलं असेल, तर या शहाण्याला त्याचा पत्ताच नाही.

आईसाठी केलेली पहिली पेटी तसलीच झाली होती. मूठभर आकाराचा रबरी चेंडू, त्यात हलकंसं बटण, तो आईच्या हातात मऊ पट्टीने बांधलेला. तिथून वायर निघून उशाशी ठेवलेल्या पेटीत गेलेली, आणि पेटीत चिप, दिवा, बझर. धाकटीने चेंडू अगदी हलका, ओझरता दाबून बघितला. पेटी ढिम्म. चिप बॅटरी बघायला गेली होती. असली पेटी आईला देऊन काय उपयोग? धाकटीने तो प्रोग्राम पुसला आणि इंटरप्ट लावला.

इंटरप्ट म्हणजे दुसरं काय, आईचं "ए". बटणाला जरा धक्का लागला की चिपने हातातलं काम जिथल्या तिथे टाकायचं, धावत जायचं, बटणाचं काय ते बघायचं आणि मग परत येऊन राहिलेलं काम उचलायचं. कारखान्यात नव्याने आलेल्यांना हे समजवायला घाम फुटायचा. धाकटीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे तर आपल्या घरात होतं, असं मनात येऊन ती भर वर्गात हसली होती आणि शिकवणाऱ्याची बोलणी खाल्ली होती.

ही दुसरी पेटी चांगली वाजायची. जरा जास्तच चांगली. चार दिवस गेले आणि सिस्टर दारातच भेटल्या. "ताई, ते तुमचं यंत्र आवरा. तुम्ही कुणी नसता तेव्हा कोकलत असतं. एकदा वाजलं की वाजतच सुटतं. मी धावत येऊन बघते तर काही नाही, आई आहेत तशाच. पलीकडच्या खोलीतले पेशंट दचकतात हो."

धाकटी ओशाळली. आणि तिला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं तिला वाटलं. असल्या धंद्यात हे दुखणं जुनंच. बटणाच्या आत दोन पत्रे असतात, ते एकमेकांना टेकताना थरथरतात. माणसाने दाबलेलं असतं एकदा, चिपला वाटतं पाचदा दाबलं. त्यावर कारखान्यात इलाजही ठरलेला. चिपने धावून यायचं, पण आल्या आल्या विश्वास ठेवायचा नाही. बटण थोडा वेळ घट्ट दाबलेलं राहिलं तर हाक खरी. मध्येच सुटलं, थरथरलं, तर खोटी, टाकून द्यायची. धाकटीने लिफ्टच्या प्रोग्राममधला तो तुकडा जसाच्या तसा उचलला आणि पेटीत घातला. स्वतःच्या बोटाने चेंडू दाबून बघितला. एक दाब, एक आवाज. तिने पेटीला टिचकी मारली. "आता शहाण्यासारखी वाग."

पेटी शहाण्यासारखी वागली. त्यानंतर आईच्या हातून ती एकदाही वाजली नाही.

सुरुवातीला धाकटीला बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. कामावरून सुटली की ती जिन्याने धावत वर यायची आणि सिस्टरांना विचारायची, "वाजली?" सिस्टर मान हलवायच्या. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, कारण सिस्टर तिला बघूनच मान हलवायला लागल्या. ती आईच्या उशाशी बसून चेंडू दाबून बघे, पेटी वाजे, वायर तपासून बघे, वायर धडधाकट. म्हणजे पेटीत खोट नाही. मग खोट कुठे, हा प्रश्न तिला पुढे विचारवत नव्हता. आईचा हात ती चोळत बसायची आणि त्या हातातलं बोट मेल्यागत पडलेलं असायचं. आपण मूर्ख आहोत, असं तिला वाटायचं. आई कधीचीच निघून गेली आहे आणि आपण रिकाम्या घराला घंटा लावून बसलोय.

थोरला वाईट माणूस नव्हता. तो थकला होता. "धाकटे," तो म्हणाला, "तू आहेस म्हणून मी इतके दिवस काही बोललो नाही. पण किती ताणायचं? संस्थेत जागा झालीय. उद्या नाही म्हटलं तर ती जाईल." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं तपासायचं ठरवलं. त्यांनी सांगितल्यावर आईने पेटी वाजवली तर घर. नाही तर खाली गाडी उभी असेल.

त्या दिवशी धाकटी रजा टाकून सकाळीच आली. आईचं तोंड पुसावं, केस विंचरावेत, एवढंच डोक्यात होतं. दार लोटलेलं होतं. आवाज न करता ती आत गेली. आईचं तोंड खिडकीकडे होतं. धाकटी खाटेच्या या बाजूला आली आणि तिने बघितलं.

बोट हलत होतं.

नुसतं हलत नव्हतं. ते चेंडूवर टेकत होतं, लटपटत होतं, घसरत होतं, परत टेकत होतं. वाऱ्यावर पान हलावं तसं, जोर म्हणून नाही. पेटी गप्प होती. दिवा विझलेला होता. धाकटीने चेंडूखाली आपली बोटं सरकवली, आणि तिला रबरातून बटण लागलं. टिक. टिकटिक. टिक. मुंगीने चावावं इतकं बारीक, पण बटण दाबलं जात होतं. तिने दुसरा हात आईच्या हातावर ठेवला, आणि बोट थांबलं.



हाका येत होत्या. चिप इमानदारीत धावत जात होती, बघत होती, आणि थरथर दिसली की हाक टाकून देत होती, कारण धाकटीनेच तिला तसं शिकवलं होतं. लिफ्टमध्ये धडधाकट माणसं बटण दाबतात. त्यांच्या बोटाने ठरवलेला तो नियम तिने आईला लावला होता. आईचं बोट स्थिर राहायचं कुठून? त्या बोटात थरथरीशिवाय उरलंय काय? आणि ती आधीची कोकलणारी पेटी, सिस्टर जिला वैतागल्या ती, खरं बोलत होती. आई बोलावत होती. आठवडाभर, या खोलीत एकटी पडून, ही बाई पोरांना हाका मारत होती, आणि तिच्या स्वतःच्या पोरीने तिचं तोंड दाबून धरलं होतं. धाकटीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, कारण ओरडून चालणार नव्हतं. रडायलाही वेळ नव्हता.

लॅपटॉप पिशवीत होता. खिडकीच्या कट्ट्यावर बसून तिने तो शहाणपणाचा तुकडा काढून फेकला. त्या जागी उलटा नियम लिहिला: पहिला स्पर्श झाला की आधी वाज. खरी की खोटी विचारू नको. मग थोडा वेळ कितीही थरथर होऊ दे, तिकडे लक्ष देऊ नको. आधी धाव, शंका मागाहून. लिहायला फार वेळ लागला नाही. तिने चेंडूवर पीस पडावं इतक्या हळू बोट टेकवलं. पेटी खणखणीत वाजली, एकदाच. ही गोष्ट आठवड्यापूर्वी करता आली असती.

"आई, झालं," ती आईच्या कानाशी लागली. "आता मार हाक." बोट हललं नाही.

दुपारी डॉक्टर आले, मागे सिस्टर, त्यांच्या मागे थोरला. चौघं खाटेभोवती उभे राहिले. धाकटीने सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"तुम्हाला जाणवलं ते मी खोटं म्हणत नाही," ते म्हणाले. "पण अशा दुखण्यात हाताला कंप असतो. तो आपोआपही येतो. सांगितल्यावर बोट हललं, तर ती हाक. बघू या." ते आईवर वाकले. "आई, ऐकू येतंय ना? पेटी वाजवा बरं एकदा."

पेटी वाजली नाही. डॉक्टर थांबले. परत म्हणाले. परत थांबले. घाई केली त्यांनी, असं म्हणता येणार नाही.

"आई," धाकटी म्हणाली, "माझं चुकलं. तू बोलवत होतीस, मीच ऐकू येऊ दिलं नाही. रागावली असशील तर घरी गेल्यावर हवं तेवढं बोल. पण आत्ता एकदा दाब. एकदाच. मी बघ इथेच उभी आहे, दादा उभा आहे. तुझ्यासमोर आहोत गं आम्ही."

काही नाही. खिडकीतून आलेलं ऊन पांघरुणावर पडलं होतं, आणि त्या उन्हात आईचा हात होता, चेंडूसकट, जिथल्या तिथे.

"दाब की," धाकटीचा आवाज चढला. "आयुष्यभर एका हाकेला पळवलंस आम्हाला, आता तुला एकदा बोलावता येत नाही? ते तिकडे टाकतील तुला. तिथे कुणी कुणाला हाक मारत नाही. दाब गं आई, दाब."

"बास," थोरला म्हणाला. त्याने तिचा दंड धरला. "तिला नको छळूस. बास आता."

डॉक्टरांनी मान खाली घातली, थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. सिस्टरही गेल्या. थोरला म्हणाला, "मी खाली जाऊन स्ट्रेचर घेऊन येतो. तू तिचं सामान भर." त्याचा चेहरा बघवत नव्हता. दाराबाहेर पडल्यावर तो जिन्याकडे वळला, लिफ्टसाठी थांबलासुद्धा नाही.

सामान होतंच किती? कंगवा, दोन टॉवेल, आईची शाल. धाकटीने ते पिशवीत कोंबलं. पेटी काढायला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. ते सगळ्यात शेवटी, असं तिने ठरवलं. पाण्याची बाटली विसळायची होती. खरं तर बाटली स्वच्छ होती, पण रडू आवरत नव्हतं आणि आईसमोर रडायचं नाही हेही त्या घरात ठरलेलंच होतं. बाटली घेऊन ती बाहेर पडली. व्हरांड्याच्या पार टोकाला असलेल्या बेसिनपाशी जाऊन तिने नळ पूर्ण सोडला, म्हणजे रडण्याचा आवाज झाकला जाईल. आणि ती रडली, कठड्याला धरून, लाज सोडून. आपण केलं हे. लिफ्टचा नियम आईला लावला, आणि आई गप्प झाली, आणि आता ती कायमची गप्प राहणार.

पेटी वाजली.

बाटली बेसिनमध्ये पडली. नळ तसाच वाहत राहिला. धाकटी धावत होती हे तिला स्वतःला अर्ध्या व्हरांड्यात आल्यावर कळलं. समोरून जिन्याच्या तोंडाशी थोरला दिसला. पन्नाशीला टेकलेला, गुडघे धरून जिने चढणारा माणूस, तो दोन दोन पायऱ्या टाकत वर आला होता, एक चप्पल खालीच कुठेतरी राहिली होती. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाय आपले निघाले होते. दोघं दारात एकमेकांवर आदळली, आणि आधी थोरला आत घुसला, लहानपणी घुसायचा तसाच, कोपर मारून.

खोलीत कुणी नव्हतं. आई खिडकीकडे तोंड करून होती. पेटीवरचा दिवा अजून लागलेला होता, आणि बोट चेंडूवर लटपटत होतं. दोघांच्या पावलांचा आवाज आला आणि ते थांबलं.

"काय गं आई?" दोघांनी एकदमच विचारलं.

बोट आता निवांत होतं. थोरला धापा टाकत खाटेची कड धरून उभा राहिला.

"आपण तिच्या छाताडावर उभं राहून हाक मार म्हणत होतो," तो म्हणाला. "समोरच्या माणसाला कोण हाक मारतं, धाकटे?"

धाकटीला सकाळचं ते बोट आठवलं, तिने हात ठेवताच थांबलेलं. सिस्टर धावत यायच्या तेव्हा "आहेत तशाच" असलेली आई आठवली.  तिने नुसती मान हलवली.

मागून चाकांचा खडखडाट आला. स्ट्रेचर घेऊन दोघं जण दारात उभे होते. त्यातल्या वयस्कर माणसाने खिशातून चिठ्ठी काढली. "संस्थेत न्यायचंय ना?"

"नाही," थोरला म्हणाला. "घरी."

"पण इथे तर—"

"डॉक्टरांना मी जाऊन सांगतो. तिने हाक मारली."

"मग परत एकदा मारायला लावा, म्हणजे डॉक्टरसाहेबांनाही..."

"ती दोनदा मारत नाही," थोरला म्हणाला, आणि अनवाणी पाय पुसत आईच्या पायथ्याशी बसला.

माणूस गोंधळून खाटेकडे बघत राहिला. त्याला असली घरं बघायची सवय असावी, कारण त्याने वाद घातला नाही. स्ट्रेचर बाजूला घेत त्याने हलक्या आवाजात धाकटीला विचारलं, "काय हवं होतं त्यांना?"

धाकटीने डोळे पुसले.

"काही नाही," ती म्हणाली. "आम्ही आहोत ना, ते बघितलं."